मोजून काय गावतला?

मालवण म्हटले की काही गोष्टी हटकून डोळ्यांपुढे येतात. पाण्यात पाय रोवून उभा असलेला सिंधुदुर्ग, ताटातले बांगड्याचे तिखले, रात्रभर रंगणारा दशावतार आणि अलीकडच्या काळात पाठीला हवेचे नळकांडे बांधून समुद्रात उतरणारे मुंबई-पुण्याचे पर्यटक. या चित्रात आणखीही कोणीतरी असते, पण त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नौका बंदराला लागून मासळी उतरू लागली की विशी-पंचविशीतली एक-दोन मुले-मुली तिथे येऊन उभी राहतात. खांद्याला पिशवी, हातात फूटपट्टी, लहानसा वजनकाटा आणि कडा भिजलेली वही. सुरमई, पापलेट किंवा सरंग्याचा लिलाव चालू असतो तिकडे ती पाहतही नाहीत. जो ढीग कोणालाच नको असतो, जो शेवटी खताला किंवा फिशमीलच्या कारखान्याला जायचा असतो, त्याच्यापाशी ती उकिडवी बसतात आणि एकेक जीव उचलून मोजू लागतात.

माझे आजोळ मालवणचे. थंडीच्या दिवसांत तिकडे गेलो की बंदरावर एक फेरी ठरलेली. अशाच एका फेरीत एका वयस्क तांडेलाने या मुलांपैकी एकीला विचारलेला प्रश्न माझ्या कानावर पडला, "गो बाय, मोजून तुमका काय गावतला?" विचारण्यात कुचेष्टा नव्हती, खरेच कुतूहल होते. मुलगी हसली आणि लिहीत राहिली. ती घाईत होती, बर्फ वितळायच्या आत तिला ढीग संपवायचा होता. प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. एखाद्या विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या प्रयोगशाळेतून निघालेली ही मुले मालवणच्या किनाऱ्यावर कशासाठी बसतात? त्यांच्या आकड्यांनी कोणाचे काय भले होते? आणि ज्याच्या जाळ्यातून हे आकडे निघतात, त्या गाबिताला त्यातले काय मिळते?

आधी तो नकोसा ढीग समजून घेऊ. ट्रॉलरचे जाळे म्हणजे एक भलीमोठी पिशवी. ती समुद्राच्या तळालगत तासन्‌तास ओढली जाते. नौकामालकाला हवी असते कोळंबी, म्हाकूल किंवा चांगला भाव येणारी मासळी. पण पिशवीला निवड करता येत नाही. तोंडापुढे येईल ते सगळे तिच्यात जाते. लहान मोरी, वागळी, खेकडे, शंख, कधी कासव आणि बरेचदा समुद्रसाप. वर काढेपर्यंत यातले पुष्कळ जीव मेलेले असतात.

यातली मोरी आपल्या ओळखीची. मालवणी घरांत मोरीचे मटण करतात, बाळंतिणीला दूध यावे म्हणून तिचे कालवण देतात. मोरी म्हणजे शार्कच, चित्रपटातल्या अक्राळविक्राळ शार्कची हातभर लांबीची चुलत बहीण. आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव स्कोलियोडॉन लॅटिकॉडस. ती अंडी घालत नाही. माणसाप्रमाणेच तिच्या पोटात वार असते आणि ती मोजक्या, पूर्ण वाढलेल्या पिल्लांना जन्म देते. इथेच सगळी मेख आहे. बांगडा एका हंगामात हजारो अंडी सोडतो. त्यातली बरीच वाया गेली तरी पुढच्या वर्षी बांगडा दिसतो. मोरीचा आणि वागळीचा संसार मात्र बेताचा. वयात येण्याआधीच त्या जाळ्यात संपू लागल्या, तर ती तूट भरून निघत नाही. जगभरातल्या शार्क आणि वागळीवर्गीय जातींपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती आज धोक्यात असल्याचे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने म्हटले आहे, आणि शार्क पकडणाऱ्या देशांत भारत पहिल्या काहींत मोडतो. म्हणून त्या मुलीच्या हातात फूटपट्टी असते. मोरीची लांबी कळली की ती वयात आलेली आहे की कोवळी, हे सांगता येते. अशा हजारो लांब्या एकत्र केल्या की मग कुठे समुद्राचे काय चालले आहे ते कळू लागते.

मालवणला झालेल्या या कामाचा एक धागा बंगळूरच्या दक्षिण फाउंडेशनकडे आणि तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेकडे जातो, तर दुसरा थेट इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे. त्रिशा गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली मालवणच्या ट्रॉलरवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या गटात विज्ञान संस्थेचे कार्तिक शंकर होते, तशाच ऑक्सफर्डच्या प्राध्यापिका ई. जे. मिलनर-गलंडही होत्या. मला त्यात आवडले ते असे, की 'मासेमारी बंद करा' असा सोपा उपदेश त्यांनी केला नाही. जाळ्यात नको असलेले जीव बाहेर पडावेत म्हणून काही सोय करता येईल का, जिवंत आलेली वागळी लगेच पाण्यात सोडता येईल का, काही जागा काही काळापुरत्या मोकळ्या ठेवता येतील का, असे एकेक उपाय त्यांनी तपासले. आणि कोणता उपाय नौकेवर चालेल, कोणता चालणार नाही, हे मच्छीमारांशी बोलून पाहिले.

पण मला स्वतःला सर्वांत चकित केले ते समुद्रसापांनी. लहानपणी आजोळी रापण ओढायला आम्ही पोरे धावत असू. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. दोन्ही टोकांचे दोर धरून गावच्या गाव मागे मागे सरते आणि मधली पिशवी हळूहळू वाळूवर येते. त्या चंदेरी तळमळीत एखादा करड्या पट्ट्यांचा साप वळवळताना दिसला की मोठी माणसे आम्हांला मागे लोटत. कोणीतरी सराईत हाताने त्याची शेपटी धरून त्याला पाण्यात भिरकावून देई आणि दुसऱ्या क्षणी सगळे त्याला विसरून जात. "सरपाक कोण इचारता?" हाच एकंदर भाव.

सरपाला विचारणारी माणसे पुढे निघाली. हा प्राणी मोठा मजेशीर आहे. शेपटी वल्ह्यासारखी चपटी. राहतो समुद्रात, पण श्वास घ्यायला त्याला वर यावेच लागते. त्यामुळे जाळ्यात फार वेळ अडकला की समुद्रातला हा साप चक्क बुडून मरतो. आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक जाती पाण्यातच पिल्लांना जन्म देतात. २००२-०३ च्या सुमारास ॲरन लोबो या तरुण अभ्यासकाने गोव्याच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यांत येणारे समुद्रसाप मोजले होते. तेव्हा सर्वाधिक सापडणारी जात होती हायड्रोफिस कर्टस, जाड अंगाची. सुमारे दीड दशकाने चेतन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत लोबोही होते, सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर तशीच मोजणी केली. आता पारडे उलटे फिरले होते. जाळ्यांत अधिक सापडत होती ती चोचीसारख्या नाकाची दुसरी जात, हायड्रोफिस स्किस्टोसस. खाडीच्या तोंडाशी, उथळ पाण्यात शिंगाळ्यासारखे मासे खाऊन राहणारी. या बदलामागे मासेमारीच असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

वाचक म्हणतील, एक साप गेला, दुसरा आला, त्यात आपले काय? थोडे थांबा. हा दुसरा साप समुद्रसापांमधल्या अत्यंत विषारी जातींपैकी एक आहे. त्याच्या विषाने स्नायू विरघळू लागतात, पुढे मूत्रपिंडावर ताण येतो. आणि जाळे मोकळे करताना उघड्या हाताने ढीग उपसणारा खलाशी असतो आपल्यातलाच. आपल्या सरकारी दवाखान्यांत सर्पदंशावर जे औषध मिळते, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या जमिनीवरच्या चार सापांच्या विषावर बनवलेले असते. समुद्रसापाच्या विषावरचा खास उतारा ऑस्ट्रेलियात बनतो, भारतात नाही. म्हणजे जाळ्यात कोणता साप जास्त येतो, हा प्रश्न फक्त प्राणिशास्त्राचा राहत नाही. खलाशाला हातमोजे द्यायचे की नाही, किनाऱ्यावरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला काय शिकवायचे, हेही त्या वहीतल्या आकड्यांवरून ठरायला हवे.

इथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी अशी. लोबो यांनी तेव्हा साप मोजले नसते, तर पुढच्या मोजणीला काहीच अर्थ उरला नसता. स्किस्टोसस जास्त आहे म्हणजे कशापेक्षा जास्त? जुना आकडा हा नव्या आकड्याचा पाया असतो. ज्या दिवशी तो लिहिला जातो, त्या दिवशी तो निरुपयोगीच वाटतो. त्याची किंमत पंधरा-वीस वर्षांनी कळते, आणि तेव्हा मागे जाऊन तो मोजता येत नाही.

मोजून काय मिळते, याचे एक उत्तर कोकणाने यापूर्वीच दिले आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा कोकणात माणसे, विशेषतः मुले, हमखास दगावत. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदी लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचल्या, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीचा उपयोग सिद्ध झाला. मृत्यूचे प्रमाण, जे कधी शेकड्याला चाळीसच्या घरात होते, ते एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या आरोग्य केंद्रात मोठी यंत्रे नव्हती, होती ती चिकाटी आणि वही.

दुसरे उत्तर मच्छीमारांनीच दिले. पर्ससीनच्या प्रचंड जाळ्यांनी थवेच्या थवे उचलले जाऊ लागले, तेव्हा मालवण, वेंगुर्ले, देवगडचे रापणकर आणि कांडाळवाले वर्षानुवर्षे ओरडत होते, की किनाऱ्याला मासळी उरत नाही. ओरडण्याने काही हलेना. शेवटी राज्य सरकारने मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने अभ्यास करून अहवाल दिला, आणि त्याच्या आधारावर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश निघाला. तो कितपत पाळला जातो यावर बंदरावर वेगळा वाद ऐकायला मिळतो. पण जे मोर्च्यांना साधले नाही ते अहवालाला साधले, आणि मोर्चे निघाले नसते तर अहवालही झाला नसता. आकडा आणि आवाज एकत्र आले, तेव्हा कागद हलला.

हे दोन्ही एकत्र येत नाहीत तेव्हा काय होते, याचे उदाहरणही मालवणातच आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग गाभ्याचा, ज्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे खडक येतात. शास्त्रीय कारण भक्कम होते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सय्यद झहूर कासिम आणि एम. व्ही. एम. वफर यांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद केली होती, तीत मालवणही होते. ज्या किनाऱ्यावर नद्या गाळ आणतात, पाणी गढूळ असते, तिथे प्रवाळ तग धरून आहे ही मोठीच बातमी होती. पण ती बातमी शास्त्रज्ञांनी शास्त्रज्ञांना सांगितलेली. ज्याचे घर आणि होडी त्या हद्दीत आली, त्याला कळले ते एवढेच, की उद्यापासून आपल्याच समुद्रात आपण गुन्हेगार ठरू शकतो. विरोध झाला आणि मुरला. आज इतक्या वर्षांनीही 'अभयारण्य' हा शब्द उच्चारला की बंदरावरची गप्पांची बैठक सावध होते, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

आणि प्रवाळाचे पुढे काय झाले? मच्छीमाराच्या होडीकडे संशयाने पाहिले जात असताना किल्ल्याजवळच्या पाण्यात पर्यटन वाढत गेले. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्याच संशोधकांनी गेल्या दशकात इथे दोन गोष्टी नोंदवल्या. एक, पाणी तापल्याने प्रवाळ पांढरे पडण्याचे प्रकार. दुसरी, नवख्या पाणबुड्यांच्या पायांखाली आणि हातांखाली प्रवाळाची होणारी मोडतोड. पोहायलाही न येणारा पर्यटक पाच-दहा मिनिटांसाठी खाली उतरतो, तोल सावरायला पाय टेकतो, आणि ज्यावर पाय टेकतो तो खडक नसून वाढायला वर्षे घेणारा जीव असतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आज या पर्यटनावर मालवणातल्या कित्येक घरांच्या चुली पेटतात. त्यात मच्छीमारांची मुलेही आहेत. तेव्हा प्रश्न 'बंद करा' म्हणून सुटणारा नाही. पण त्या मुलांनाच प्रवाळाची मोजणी शिकवली, महिन्याकाठी त्यांनीच नोंद ठेवली, तर आपल्या पोटाचे साधन आपल्या पायाखाली तुडवले जाते आहे हे सांगायला बाहेरचा शास्त्रज्ञ लागणार नाही.

विश्वास जुळला की काय होऊ शकते, याचीही उदाहरणे आहेत. इथले मच्छीमार ज्याला गादा म्हणतात, त्या कुबडधारी डॉल्फिनचा अभ्यास २०१४ नंतर कोकण सीटेशियन रिसर्च टीम या तरुणांच्या गटाने सिंधुदुर्गात केला. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराच्या कडेला असलेल्या खाचा वेगवेगळ्या असतात. त्यांचे फोटो काढून एकेक डॉल्फिन ओळखायचा, आपण माणसे चेहऱ्याने ओळखतो तसा. काम होडीवरून, आणि होडी अर्थातच मच्छीमाराची. गादा जाळी फाडतो, मासे पळवतो ही मच्छीमाराची तक्रारही या गटाने टिपून घेतली. त्याच पाहणीच्या काळात, २०१५ साली, कुणकेश्वरच्या समुद्रात निळा देवमासा आणि त्याचे पिल्लू दिसल्याची बातमी आली आणि जगातला सर्वांत मोठा प्राणी आपल्या दारात येऊन गेल्याचे आपल्याला कळले.

डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक योजना आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मोरी, म्हणजे व्हेल शार्क, असा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडल्याचा फोटो किंवा चित्रण पुरावा म्हणून द्यायचे. मला ही योजना महत्त्वाची वाटते ती रकमेमुळे नव्हे. पूर्वी जीव सोडला तर जाळे जाई आणि जाहीर केला तर चौकशीची धास्ती. आता मच्छीमारच नोंद करणारा झाला. त्याने पाठवलेला प्रत्येक फोटो म्हणजे कोणत्या ठिकाणी, कोणत्या महिन्यात काय सापडले याची खूणगाठ आहे.

एकेका खुणेतून किती उलगडते याचा अलीकडचा दाखला गुहागरचा. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले मादीच्या परावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी बसवली होती. २०२५ च्या जानेवारीत तीच मादी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरला वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी, पश्चिमेची वेगळी, असे मानले जाई. त्या एका क्रमांकाने या समजुतीला तडा गेला. रात्री किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्या माणसाने वाकून पट्टी वाचली नसती, तर ओडिशातल्या शास्त्रज्ञाचे काम अर्धेच राहिले असते.

आता तांडेलाच्या प्रश्नाचा उरलेला भाग. मोजून जगाला काय मिळते हे आपण पाहिले. पण 'तुमका' च्या जागी 'आमका' घातले तर? या मुलांचे प्रकल्प एक-दोन वर्षांचे असतात. पैसा संपला की मुले जातात, पदवी मिळते, शोधनिबंध इंग्रजीत निघतो. काही संस्था फलक लावतात, बैठका घेतात, शाळांत जातात, हे खरे आहे आणि त्यांचे कौतुकच आहे. पण सर्वसाधारण रीत तशी नाही. ज्या नौकेवरचा ढीग तिने मोजला, त्या नौकेच्या तांडेलाला निष्कर्ष काय निघाला हे बहुधा कधीच कळत नाही. आणि ज्याला कळत नाही तो पुढच्या वेळी दुसऱ्या मुलाला ढिगापाशी का बसू देईल?

रापणीचा एक नियम मला इथे आठवतो. दोराला ज्याने हात लावला, त्याचा वाटा ठरलेला. म्हातारा असो, पोर असो, मासळी वाटताना त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. मालवणच्या समुद्राविषयी आज जे काही ज्ञान आहे, त्याच्या दोराला मच्छीमाराचा हात लागलेला आहे. होडी त्याची, जाळे त्याचे, ढीग त्याचा आणि कुठल्या खडकाशी कुठल्या महिन्यात काय मिळते हे शहाणपणही त्याचेच. मग ज्ञानाच्या वाटणीत त्याचा वाटा कुठे आहे?

हा वाटा द्यायला फार खर्च नाही. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, नौका वर ओढलेल्या असतात, माणसे घरी असतात. त्या दिवसांत प्रत्येक अभ्यासगटाने बंदरावर एक बैठक घ्यावी आणि वर्षभरात काय मोजले, काय निघाले ते मराठीत, जमल्यास मालवणीत सांगावे. विद्यापीठांनी शोधनिबंधासोबत दोन पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करावा आणि तो मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लागावा. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. अशा जवळच्या संस्थांनी बाहेरच्यांचे प्रकल्प संपल्यावरही त्या वह्या चालू ठेवाव्यात, म्हणजे मालिका तुटणार नाही. आणि मोजणीच्या कामाला पहिली निवड किनाऱ्यावरच्या मुलांची व्हावी. गाबितवाड्यातल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलीला मोरी आणि वागळी ओळखायला शिकवावी लागत नाही, फक्त फूटपट्टी आणि वही द्यावी लागते.

तसे झाले, तर बंदरावरचा प्रश्नही बदलेल. मोजून काय मिळणार, असे विचारण्याऐवजी तांडेल विचारू लागेल, "गो बाय, औंदा किती गावले?" आणि उत्तर देणारी मुलगी त्याच्याच वाडीतली असेल.